कॉलच्या माथी मारलेला उशीर

जुन्या बिझनेस सॉफ्टवेअरचं ‘आधुनिकीकरण’ करून देणाऱ्यांच्या सादरीकरणात एक स्लाइड हमखास असते. डावीकडे बाणांचं जाळं: हा प्रोग्राम त्याला कॉल करतोय, तो तिसऱ्याला. उजवीकडे एक नीटस चौकोन, वर ‘सर्व्हिस प्रोग्राम’ असं लिहिलेलं आणि आत सबप्रोसीजरांची यादी. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: प्रोग्राम कॉल महाग, सबप्रोसीजर स्वस्त. सगळे कॉल बदलून घ्या, रात्रीचा बॅच आपोआप लवकर संपेल.

यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, दुसरं बहुतेक वेळा खोटं, आणि ‘आपोआप’ तर सरळसरळ दिशाभूल. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो: मी सबप्रोसीजरच्या विरोधात नाही. नवा कोड मी त्यातच लिहितो आणि हाताखालच्या पोरांकडूनही तसाच लिहून घेतो. माझं भांडण कारणाशी आहे. चांगला माल खोटं कारण सांगून विकला की गिऱ्हाईक एकदाच फसतं, पण त्यानंतर त्या मालाचं नाव काढलं तरी दार लावून घेतं.

ज्यांचा या दुनियेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला आयबीएमचा जो विभाग आहे, त्याने जून 1988 मध्ये एएस/400 हे यंत्र बाजारात आणलं. पुढे नावं बदलत गेली. आज त्याची ऑपरेटिंग सिस्टिम ‘आयबीएम आय’ म्हणून ओळखली जाते. विमा, बँका, गोदामं, कारखाने यांचे हिशेब अजूनही तिच्यावर चालतात आणि त्यातला फार मोठा भाग आरपीजी या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा 1959 पासूनची. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत परदेशी ग्राहकांचा असा कोड सांभाळणारी माणसं आजही आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की आपल्याकडे सकाळचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात. त्यामुळे तिकडचा ‘रात्रीचा’ बॅच रखडला की फोन इकडे दिवसाढवळ्या वाजतो. हा वाद म्हणून आपल्याही घरचाच.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडू. दावा हवेतून आलेला नाही. सुरुवातीच्या एएस/400 वर स्वतंत्रपणे कंपाइल केलेला प्रत्येक तुकडा हा एक पूर्ण प्रोग्राम असे आणि एकाने दुसऱ्याला बोलावणं म्हणजे डायनॅमिक कॉल. सी सारख्या भाषांत चार-पाच ओळींची शेकडो फंक्शनं असतात. त्या प्रत्येकासाठी असा कॉल करणं परवडणारं नव्हतं. आयबीएमने आयएलई हे नवं वातावरण आणि 1994 मध्ये त्यावर चालणारी आरपीजी फोर आणली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. आधी मॉड्यूल बनवा, ती चालवण्याच्या आधीच एकमेकांना बांधून टाका, म्हणजे चालताना शोधाशोध नको. पाठोपाठ आरपीजीत सबप्रोसीजर, म्हणजे मॉड्यूलच्या आतली छोटी फंक्शनं, आल्या. बांधलेला कॉल डायनॅमिक कॉलपेक्षा स्वस्त असतो, हे त्या काळीही खरं होतं आणि आजही खरं आहे.

उतरंडही सगळ्यांना मान्य आहे. प्रोग्रामच्या आतली सबरुटीन सगळ्यात स्वस्त, कारण ती निव्वळ उडी असते. मग त्याच मॉड्यूलमधली सबप्रोसीजर, मग दुसऱ्या बांधलेल्या मॉड्यूलमधली, मग सर्व्हिस प्रोग्राममधली, आणि सगळ्यात शेवटी डायनॅमिक कॉल. या क्रमावर माझा आक्षेप नाही. क्रम सांगायचा आणि अंतर सांगायचं नाही, ही चलाखी आहे, आणि आक्षेप तिच्यावर आहे.

अंतर कळायला डायनॅमिक कॉलच्या पोटात शिरावं लागतं. एक प्रोग्राम दुसऱ्याला पहिल्यांदा बोलावतो तेव्हा यंत्राला आधी ते नाव शोधावं लागतं. जॉबच्या लायब्ररी लिस्टमध्ये एकेक लायब्ररी पाहत जायचं, हवा तो प्रोग्राम सापडला की थांबायचं. बोलावणाऱ्याला परवानगी आहे का ते बघायचं. प्रोग्राम जागा करायचा, त्याच्या स्टॅटिक व्हेरिएबलांसाठी जागा घ्यायची, त्यांत सुरुवातीच्या किमती भरायच्या. त्यात फाइली असतील तर त्या उघडायच्या. मग कुठे पहिली ओळ चालते. ही यादी वाचून कुणीही म्हणेल, बाप रे, एवढं सगळं दर कॉलला?

नाही. मेख इथेच आहे. यातलं बहुतेक काम पहिल्या कॉलला होतं. कॉलमध्ये प्रोग्रामचं नाव ठाम लिहिलेलं असेल, तर आरपीजी एकदा सापडलेला पत्ता जपून ठेवते आणि दुसऱ्या कॉलला लायब्ररी लिस्ट धुंडाळत बसत नाही. नाव व्हेरिएबलमध्ये असेल आणि ते दरवेळी बदलत असेल तर गोष्ट वेगळी. प्रोग्राम जागाच राहिला असेल तर जागा घेणं नाही, किमती भरणं नाही, फाइली उघडणं नाही. दुसऱ्या, हजाराव्या, लाखाव्या कॉलला उरतो तो फक्त खरा डायनॅमिक कॉलचा खर्च. तो बांधलेल्या कॉलपेक्षा जास्त असतो, पण वरच्या यादीच्या मानाने किरकोळ.

अट एकच: प्रोग्राम जागा राहिला पाहिजे. आणि आपल्याकडचे कित्येक जुने प्रोग्राम जागे राहत नाहीत, कारण त्यांच्या शेवटी एलआर ऑन केलेला असतो.

एलआर म्हणजे ‘लास्ट रेकॉर्ड’ इंडिकेटर. आरपीजीच्या जुन्या सायकलमधला, म्हणजे फाइलीतला एकेक रेकॉर्ड आपोआप वाचत फिरणाऱ्या चक्रातला, हा दिवा लावून प्रोग्राम परतला की यंत्र समजतं, काम संपलं, आवरा. फाइली बंद होतात. पुढच्या कॉलला त्या पुन्हा उघडतात आणि व्हेरिएबलं पुन्हा पहिल्यापासून भरली जातात. दिवसातून एकदा चालणाऱ्या रिपोर्टच्या शेवटी हे अगदी योग्य आहे. पण दर पॉलिसीमागे, दर इन्व्हॉइसमागे बोलावल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या शेवटी एलआर म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकानंतर दुकानाचं शटर ओढून कुलूप लावायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा उघडायचं. शिकताना ‘प्रोग्रामच्या शेवटी एलआर लावावा’ एवढंच सांगितलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप ती ओळ लिहितो.

हिशेब करून बघू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत; तुमच्या यंत्रावरचे टाकून पुन्हा करा. एका विमा कंपनीच्या 20 लाख पॉलिसी आहेत आणि बॅचमध्ये दर पॉलिसीमागे 5 कॉल होतात. झाले 1 कोटी कॉल. बांधलेल्या कॉलपेक्षा डायनॅमिक कॉल दर खेपेला 1 मायक्रोसेकंदाने महाग पडतो असं धरा. 1 कोटी मायक्रोसेकंद म्हणजे 10 सेकंद. बॅच 3 तास चालत असेल तर ते होतात 10,800 सेकंद. त्यातले 10 वाचले. अर्धा कप चहाही निवणार नाही एवढ्यात.

आता त्याच कॉल होणाऱ्या प्रोग्रामात एलआर ऑन ठेवा आणि दोन फाइली उघडण्या-बंद करण्याला दर खेपेला 1 मिलिसेकंद लागतो असं धरा. 1 कोटी मिलिसेकंद म्हणजे 10,000 सेकंद, म्हणजे 2 तास 46 मिनिटं 40 सेकंद. कॉल तोच, प्रोग्राम तोच, नाव तेच. फरक शेवटच्या एका ओळीचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मग आधुनिकीकरण करणारी मंडळी ‘आम्ही बदल केला आणि बॅच निम्म्या वेळात संपला’ असं छातीठोकपणे सांगतात, ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. बॅच खरोखर लवकर संपतो. पण त्यांनी एकाच झटक्यात दोन बदल केलेले असतात आणि श्रेय एकालाच देतात. प्रोग्रामची सबप्रोसीजर करून ती सर्व्हिस प्रोग्राममध्ये टाकली की मॉड्यूलमध्ये सायकल उरत नाही, आणि सायकल गेली की एलआरही जातो. वरच्या पातळीवर जाहीर केलेल्या फाइली एकदा उघडल्या की अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप (जॉबमधला ज्या कप्प्यात प्रोग्राम चालतात तो) संपेपर्यंत उघड्या राहतात. वेग आला तो तिथून. कॉलचा प्रकार बदलणं आणि वेग येणं ही कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गाठ आहे.

हे पारखायचं असेल तर फार सोपा उपाय आहे. जुना प्रोग्राम जसाच्या तसा ठेवा, प्रोग्राम कॉलही तसाच ठेवा, फक्त दर खेपेचा एलआर काढून साधा रिटर्न लिहा आणि बॅच चालवा. थोडी काळजी घ्यावी लागते: व्हेरिएबलांत आधीच्या खेपेच्या किमती उरतात, त्या सुरुवातीला स्वतः साफ कराव्या लागतात, रेकॉर्ड लॉक धरून परतायचं नाही, आणि सगळं संपल्यावर एकदा ‘आता आवर’ असं सांगणारा शेवटचा कॉल द्यावा लागतो. हे दोन दिवसांचं काम आहे. एवढ्याने बॅच निम्म्यावर आला, तर महिनोन्‌महिन्यांच्या रूपांतराचं वेगाचं समर्थन तिथेच संपलं. आला नाही, तर उशीर दुसरीकडे आहे, आणि रूपांतर करूनही तो हटणार नाही.

इथे जीन अ‍ॅम्डाल यांची आठवण काढायला हवी. आयबीएमच्या सिस्टिम/360 चे ते शिल्पकार. 1967 मध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा आज त्यांच्या नावाने नियम म्हणून शिकवतात: एखाद्या भागाचा वेग कितीही वाढवा, एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच मिळतो. तुमच्या 3 तासांच्या बॅचमध्ये सगळ्या कॉलांचा मिळून वाटा 2 टक्के असेल, तर कॉल पूर्ण फुकट झाले तरी वाचतील 4 मिनिटांपेक्षा कमी. उरलेले पावणेतीन तासांहून जास्त कुठे जातात? दर रेकॉर्डमागे चालणाऱ्या आणि योग्य इंडेक्स नसल्यामुळे सगळं टेबल चाळणाऱ्या एसक्यूएलमध्ये. दर ओळीला केलेल्या कमिटमध्ये. दुसऱ्या जॉबने धरून ठेवलेल्या रेकॉर्डची वाट बघण्यात. एकच ग्राहक-माहिती पन्नासदा वाचण्यात. यातलं काहीही कॉलचा प्रकार बदलल्याने हलत नाही.

आणि सबप्रोसीजर स्वस्तच असते, हे तरी कुणी सांगितलं? हा या दाव्याचा सगळ्यात कच्चा भाग आहे, कारण बदल करताना हीच मंडळी जुना खर्च नव्या दाराने आत घेतात.

पहिलं उदाहरण फाइलींचं. 2008 च्या 6.1 आवृत्तीपासून सबप्रोसीजरच्या आत फाइल जाहीर करता येते. दिसायला छान, जिथलं तिथे. पण तिला स्टॅटिक म्हटलं नाही, तर ती फाइल दर कॉलला उघडते आणि परतताना बंद होते. म्हणजे एलआरला समोरच्या दाराने हाकललं आणि मागच्या दाराने त्याच्या भावाला घरात घेतलं.

दुसरं, स्थानिक व्हेरिएबलांचं. सबप्रोसीजरमधली साधी व्हेरिएबलं दर कॉलला नव्याने तयार होतात आणि त्यांत सुरुवातीच्या किमती भरल्या जातात. दोन-चार आकडे असतील तर कळतही नाही. पण कुणी आत हजारो घटकांचा, दर घटकात वीस फील्ड असलेला अ‍ॅरे ठेवला, तर एक साधी तारीख तपासायला बोलावलेली सबप्रोसीजर आधी तो सगळा अ‍ॅरे पुसून भरत बसते.

तिसरं, देवाणघेवाणीचं. मोठी अक्षरमाळा पॅरामीटर म्हणून ‘व्हॅल्यू’ने पाठवली की तिची प्रत निघते; मोठी अक्षरमाळा उत्तर म्हणून परत केली की तिचीही हलवाहलव होते. हा त्रास इतका खरा होता की 7.1 आवृत्तीत त्यासाठी भाषेत खास कीवर्ड द्यावा लागला. याउलट जुना प्रोग्राम कॉल फक्त पत्ता पाठवतो. 10 अक्षरं असोत की 30 हजार, पत्त्याची लांबी तेवढीच.

चौथं सगळ्यांत महागडं: अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप. वरचा प्रोग्राम ‘न्यू’ प्रकारच्या ग्रुपमध्ये चालायला ठेवला, तर दर कॉलला अख्खा ग्रुप उभा राहतो आणि परतताना मोडतो: स्टॅटिक जागा, उघड्या फाइली सगळ्यासकट. त्याला वीस सर्व्हिस प्रोग्राम बांधलेले असतील, तर खास सूचना दिली नसेल तेव्हा ते वीसही सुरुवातीलाच जागे होतात, मग त्या दिवशी त्यांतल्या दोघांचीच गरज असो. कॉलमागचा खर्च वाचवायला निघालेला माणूस तो दुसऱ्या खात्यात, अनेक पटींनी वाढवून टाकतो. आगीतून फुफाट्यात.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येऊ शकतो, आणि तो मी मान्य करतो. काही ठिकाणी कॉलचा खर्च खरोखर महत्त्वाचा असतो. दर रेकॉर्डमागे शंभर वेळा बोलावलं जाणारं आणि आत तीन ओळींचं काम करणारं काही असेल, म्हणजे लीप वर्ष तपासणं, रक्कम पूर्णांकात आणणं, कोडवरून नाव काढणं, तर तिथे डायनॅमिक कॉल हा मूर्खपणा आहे. काम मिनिटाचं आणि प्रवास तासाचा असं होतं. तिथे त्याच मॉड्यूलमधली सबप्रोसीजर हवी. कसोटी सरळ आहे: कॉलच्या आत किती काम होतं आणि कॉल किती वेळा होतो. काम मोठं असेल तर कॉलचा प्रकार वेगासाठी गौण. काम चिमूटभर आणि खेपा अगणित असतील, तर मात्र तो निर्णायक. या कसोटीवर बसणारे प्रोग्राम एखाद्या जुन्या सिस्टिममध्ये मूठभर सापडतात. स्लाइड मात्र सगळेच बदलायला सांगते.

हे वाचून दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील, म्हणून त्यांचाही समाचार घेतो. प्रत्येक जुन्या टीममध्ये एखादे साहेब असतात. ते म्हणतात, ‘सबप्रोसीजरला ओव्हरहेड असतो रे, सबरुटीन लिही, तीच फास्ट.’ आजार तोच, फक्त उलट्या बाजूने. सबरुटीनला स्वतःचं असं काही नसतं. प्रोग्राममधलं प्रत्येक व्हेरिएबल सगळ्यांचं. मुख्य लूप ‘आय’ वर चालतोय, आत बोलावलेल्या सबरुटीनमध्ये पाच वर्षांनी कुणीतरी दुसरा लूप घातला आणि त्यालाही ‘आय’च वापरला. मुख्य लूप मधल्याच घटकांवरून उडी मारून पुढे जातो. कंपाइलर तक्रार करत नाही, प्रोग्राम पडत नाही, फक्त इन्व्हॉइसच्या काही ओळींवर कर लागत नाही. वाचवलेल्या नॅनोसेकंदांची किंमत ऑडिटमध्ये चुकवावी लागते.

हा वाद आरपीजीवाल्यांनी लावलेला नाही, त्याचं वय पन्नाशीच्या पुढे आहे. डेव्हिड पार्नस यांनी 1972 मध्ये प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत यावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका मॉड्यूलमध्ये लपवा, हे त्यांचं म्हणणं. त्यातच त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं होतं की सांभाळून बांधलं नाही तर अशी रचना जास्त कॉलांमुळे मंद पडू शकते. त्यावरचा इलाज त्यांनी अवजारांकडे मागितला, रचना मोडा असं म्हटलं नाही. 1977 मध्ये गाय स्टील यांनी तर ‘प्रोसीजर कॉल महाग’ या समजावरच हल्ला चढवला: कॉल बदनाम झाला तो कंपाइलर लिहिणाऱ्यांनी तो वाईट बांधला म्हणून, कॉल या कल्पनेचा त्यात दोष नाही. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठे गेली. वादातली वाक्यं मात्र तीच आहेत.

मग सबप्रोसीजर का लिहायची? कारणं भक्कम आहेत, आणि त्यांतल्या एकालाही स्टॉपवॉच लागत नाही.

एक नेहमीची दुर्घटना घ्या. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये संदेशासाठी 30 अक्षरांचं फील्ड पाठवलंय. कॉल होणाऱ्या प्रोग्रामात कुणीतरी गरजेपोटी ते 50 अक्षरांचं केलं आणि कॉल करणारे सगळे प्रोग्राम शोधून बदलायचं राहिलं. पलीकडे पोचतो तो फक्त सुरुवातीचा पत्ता. जागा किती आहे हे कुणी सांगत नाही. पलीकडच्याने ‘ठीक आहे’ एवढाच संदेश लिहिला तरी उरलेली जागा ब्लँकनी भरते, थेट पन्नासाव्या अक्षरापर्यंत. शेवटचे 20 ब्लँक शेजारच्या व्हेरिएबलवर पडतात. शेजारी पॅक्ड आकडा असेल तर पुढे केव्हातरी, चारशे ओळींनंतर, त्याची बेरीज करताना ‘डेसिमल डेटा एरर’ येते. बिचारा प्रोग्रामर त्या बेरजेकडे टक लावून बसतो. बेरीज निर्दोष असते.

प्रोटोटाइप हा यावरचा इलाज. पॅरामीटर किती, कोणत्या प्रकारचे, किती लांबीचे, हे एका जागी लिहायचं. दोन्ही बाजूंनी तेच वापरायचं. न जुळल्यास कंपाइलरच अडवतो. आणि वेगवाल्यांना न आवडणारी गोष्ट अशी की प्रोटोटाइप प्रोग्राम कॉललाही लावता येतो. म्हणजे हा फायदा मिळवायलाही सगळं रूपांतर करण्याची गरज नाही; जुन्या कॉलांना प्रोटोटाइप लावणं ही पहिली, स्वस्त पायरी आहे.

सबप्रोसीजर त्यापुढे जाते. तिची व्हेरिएबलं तिच्यापुरती, त्यामुळे ‘आय’ची वरची भानगड संभवत नाही. ती उत्तर परत करते, त्यामुळे ‘जर पॉलिसी चालू असेल तर’ हे वाक्य कोडमध्येही तसंच्या तसं वाचता येतं. सर्व्हिस प्रोग्राममध्ये वीस सबप्रोसीजर असल्या तरी बाहेर पाचच दाखवता येतात; उरलेल्या पंधरा उद्या बदला, कुणाला कळणार नाही. आणि प्रत्येकीची चाचणी स्वतंत्र घेता येते. व्याजाचं सूत्र एका ठिकाणी राहतं, सात प्रोग्रामांत सात किंचित वेगळ्या रूपांत नाही.

त्याचबरोबर प्रोग्राम कॉलचे गुणही मान्य करायला हवेत, कारण वेगाच्या नादात ते फेकून दिले जातात. नाव चालताना शोधलं जातं, हीच तर त्याची ताकद. लायब्ररी लिस्टमध्ये टेस्ट लायब्ररी वर ठेवली की बाकी काहीही न हलवता नवा प्रोग्राम तपासता येतो. एका देशाच्या शाखेसाठी कराचा वेगळा प्रोग्राम त्याच नावाने वेगळ्या लायब्ररीत ठेवता येतो. सर्व्हिस प्रोग्रामला मात्र सिग्नेचर असते. बाहेर दाखवलेल्या सबप्रोसीजरांची यादी बाइंडर लँग्वेजमध्ये नीट न लिहिता कुणी त्यात एक सबप्रोसीजर वाढवली, की सिग्नेचर बदलते आणि त्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम दुसऱ्या दिवशी सुरू होतानाच ‘सिग्नेचर व्हायोलेशन’ म्हणून पडतात. ही शिस्त शिकण्यासारखी आहे, अवघडही नाही. पण ती शिकवल्याशिवाय रूपांतर विकणं हा निष्काळजीपणा आहे.

चुकीच्या कारणाचं एवढं वावडं का, वेग नाही तर नाही, कोड तर सुधारला ना, असं म्हणणारे भेटतात. पण पैसे देणारा माणूस कोड बघत नाही, त्याला कबूल केलेला आकडा बघतो. ‘बॅच निम्म्या वेळात’ असं सांगून मंजुरी घेतली आणि 3 तासांचे पावणेतीन झाले, की पुढच्या वर्षी चाचण्यांसाठी, शिकवण्यासाठी, उरलेल्या जुन्या प्रोग्रामांच्या साफसफाईसाठी पैसे मागायला तोंड उरत नाही. ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’ या एका प्रश्नावर बैठक संपते. आणि ज्या तरुण प्रोग्रामरांनी वर्षभर राबून कोड खरोखर चांगला केला, त्यांच्या कामावर ‘फसलेला प्रकल्प’ असा शिक्का बसतो.

म्हणून जो कुणी वेगासाठी रूपांतर करा असं सांगेल, त्याच्याकडे आधी मोजमाप मागा. यंत्रात सोयी आहेत. जॉब संपल्यावर लॉगमध्ये येणारा संदेश प्रोसेसरचा किती वेळ गेला ते सांगतो. तो वेळ आणि घड्याळातला वेळ यांत मोठी तफावत असेल, तर जॉब कशाची तरी वाट बघत बसला होता आणि कॉलचा तिथे काही संबंध नाही. जॉब चालू असताना त्याच्या उघड्या फाइली बघा. एखादी फाइल दर काही सेकंदांनी गायब होऊन परत दिसत असेल, तर चोर सापडलाच. कॉलांवरच संशय असेल, तर परफॉर्मन्स एक्सप्लोरर कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणत्या प्रोसीजरमध्ये किती वेळ जातो ते दाखवतो. मग विचारा: जास्त बोलावल्या जाणाऱ्या प्रोग्रामांत एलआर ऑन आहे का? ‘न्यू’ अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप कुठे आहे? फाइली किती वेळा उघडतात? दर रेकॉर्डमागे कोणतं एसक्यूएल चालतं? या चार उत्तरांनंतरही कॉल हाच गुन्हेगार ठरला, तर बेलाशक बदला. मी पहिला सही करीन.

आणि सबप्रोसीजरसाठी प्रस्ताव लिहायचाच असेल, तर खरी कारणं लिहा: चुका कंपाइल होतानाच सापडतील, नियम एका जागी राहतील, चाचणी घेता येईल, नव्या माणसाला कोड वाचता येईल. त्यात वेगाची ओळ असेल आणि खाली आकडे नसतील, तर तो प्रस्ताव मंजूर करू नका. आकडे घेऊन या म्हणून परत पाठवा.